बाबांचं पहिलं इंग्रजी वाक्य

शाळेत पालकसभा असली की बाबा सकाळपासून पांढरे बूट घालून घरभर हिंडत. आमच्या नव्या लाद्यांवर ते करकर वाजत, आणि भाकऱ्या थापता थापता आई आतून ओरडे, "अवं, सभा दुपारची हाय ना? आतापास्नं कशाला पाय कोंडून घेतलेत?" बाबा म्हणत, "सवय पायजे." सभेत त्यांना कोणी काही विचारत नसे, आणि विचारलं असतं तरी कळलं नसतं, कारण सगळा कारभार इंग्रजीत. मी त्यांच्या शेजारी बसून कानात सांगत असे, आता जेवणातल्या तेलाबद्दल बोलतायत, आता वसतिगृहाच्या गाद्यांबद्दल. बाबा गंभीर चेहऱ्याने मान हलवत, इतरांनी टाळ्या वाजवल्या की आपणही वाजवत. घरी आल्यावर मात्र त्यांचं एकच गाऱ्हाणं असे. "धा येळा जाऊन बसलो, पन मला कोनी काय इचारत नाय."

शाळा ज्या माळावर उभी होती तो एके काळी आमचाच. करवंदाच्या जाळ्यांखेरीज त्यावर काही उगवत नव्हतं. मुंबईची माणसं एक दिवस गाडीतून उतरली, माळावर उभी राहून समोरच्या डोंगराकडे बघत राहिली, आणि बाबांनी व्यवहार करून टाकला. अट एकच घातली, माझ्या पोरीला याच शाळेत घ्यायचं. तेव्हापासून आमच्या पोशीर गावात ते दामूचे दामूशेट झाले आणि मी गावच्या मराठी शाळेतून उठून सातवीत थेट त्या टेकडीवर जाऊन पडले. तिथे घोडे होते, पोहायचा तलाव होता, आणि मुंबई-पुण्याची गोरीगोमटी मुलं होती, जी एकमेकांशी भांडतानासुद्धा इंग्रजीत भांडायची. पहिल्याच दिवशी मी "मिस, माझी वही घरी हाय" म्हणाले, आणि पुढचं वर्षभर माझ्या मागे ते वाक्य म्हणून दाखवण्याचा खेळ चालला. दोन वर्षं मी त्या शाळेत गेले आले, पण मला एकही मैत्रीण नव्हती. हे मी घरी कधी सांगितलं नाही. ज्या माणसाने आपल्यासाठी माळ विकला त्याला असं कसं सांगणार?

माझ्या मुलीच्या वर्गातल्या पालकांचा आता मोबाइलवर गट आहे. परवा तिथे एका बाईंनी पहाटे साडेपाचला विचारलं होतं की आज डब्यात काकडी दिली तर चालेल का. आमच्या वेळी गट नव्हते, माणसं मात्र हीच होती. ज्यांची जवळच्या कळंबला फार्महाउसं होती ते पालक शुक्रवारी दुपारीच येऊन टपकत आणि वर्गाच्या खिडकीबाहेर उभे राहून तास ऐकत. एका वडिलांनी टेप आणून बाकांची उंची मोजली होती. एक आई तपासलेले पेपर घरी नेऊन पुन्हा तपासून आणायची आणि अर्ध्या मार्कासाठी शिक्षकांच्या खोलीबाहेर ठाण मांडायची. शिक्षकही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पालक दिसले की ते खोलीला आतून कडी लावत आणि घंटा होईपर्यंत चहा पीत बसत. या सगळ्या लढाईत पालकांच्या बाजूची सेनापती म्हणजे रियाची मम्मी. रिया माझ्या वर्गातली सगळ्यात लाडकी मुलगी, आणि तिची मम्मी पालक कमिटीची अध्यक्ष. त्यांना साधं "गुड मॉर्निंग" म्हणतानासुद्धा प्रिन्सिपल सर खुर्चीतून अर्धे उठत.

रियाच्या मम्मीशी वाकडं घेणारी एकच व्यक्ती शाळेत होती, ती म्हणजे आमच्या विज्ञानाच्या सबनीस मिस. मूळच्या खोपोलीच्या, वडील कारखान्यात फिटर. रोज कर्जतपर्यंत गाडीने आणि तिथून शाळेच्या बसने यायच्या. एकदा रियाने ज्वालामुखीचा प्रकल्प आणला होता, थर्माकोलचा, आतून लाल दिवा पेटणारा, वरून धूर येणारा. मिसनी रियाला विचारलं, धूर कशाने येतो? रिया छताकडे बघायला लागली. मिसनी प्रकल्पाच्या वहीत लाल शाईने लिहिलं, "मम्मी : दहापैकी नऊ. रिया : शून्य." सगळी शाळा आठवडाभर हसत होती. मीही हसले. ते नऊ मार्क मिसना पुढे फार महागात पडणार आहेत हे कोणाला माहीत होतं?

नववीच्या आषाढात मिसनी एक टूम काढली. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकोणचाळिसांना तांदूळ कसा होतो ते ठाऊक नव्हतं. एकाने तर तो झाडावर लागतो असं लिहिलं होतं. मिस म्हणाल्या, आपण लावणीला जाऊ. आणि शेत कोणाचं, तर वैशालीचं, म्हणजे आमचं. एका रविवारी त्या आमच्या घरी आल्या. आईने त्यांना वालाचं बिरडं आणि गरम तांदळाची भाकरी वाढली, आणि त्या मांडी घालून अशा जेवल्या की आई त्यांच्यावर तिथेच खूश झाली. जेवणानंतर त्यांनी पिशवीतून शाळेचा छापील कागद काढला. शेताच्या मालकाची परवानगी, खाली सहीची जागा. बाबांनी कागद घेतला, उलटसुलट करून बघितला आणि घडी घालून परत त्यांच्या हातात दिला. आमच्या घरात सही म्हणजे जमीन जाणं. माळाच्या कागदावर सही केली त्या दिवशी माझी आजी जेवली नव्हती, आणि बाबांनी तिच्यापुढे बसून शब्द दिला होता की पुन्हा कुठल्याही शेताच्या कागदाला हात लावणार नाही. "बाई, कागदाचं नाव काढू नका," बाबा म्हणाले. "माझा शब्द हाय ना तुमाला? आना पोरांना. आमी भाकऱ्या करून ठेवतो."  मिस हसल्या आणि त्यांनी कागद पिशवीत टाकला. खोपोलीच्या फिटरच्या मुलीला शब्दाची किंमत कळत होती. तिथेच त्या चुकल्या.

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. चाळीस मुलं बांधावर रांगेने उभी होती, गुडघ्यापर्यंत पँटी दुमडलेल्या, आणि एकालाही चिखलात पाय घालायचं धाडस होत नव्हतं. मी घातला. मग मिसनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आज शिक्षिका वैशाली आहे. ती सांगेल तसं करायचं." मी रोपांची मूठ डाव्या हातात कशी धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्याने रोप चिखलात कसं रोवायचं, मागे मागे कसं सरकायचं ते दाखवलं, आणि दाखवताना माझ्या तोंडून सगळं हाय-नाय यायला लागलं तरी कोणी हसलं नाही. आमच्याकडच्या बायका कमरेत वाकून भराभर लावत होत्या आणि मुलांची वेडीवाकडी रांग बघून खिदळत होत्या. "ही काय लावनी झाली? ही तर पोरांनी केस कापल्यावानी झाली!" रियाच्या अंगठ्याला चिंबोरीने धरलं तेव्हा ती किंचाळली, मग स्वतःच त्या एवढ्याशा खेकड्याकडे बघून हसत सुटली. दुपारी ओट्यावर बसून सगळ्यांनी सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्ली, डोळ्यांतून पाणी गळत असताना पुन्हा मागून खाल्ली. बाबा पांढऱ्या बुटांशिवाय, अनवाणी, प्रत्येकाला आग्रह करत फिरत होते. मला त्यांचा इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

आज त्याच शेताच्या बांधावर बाबांनी पाटी लावली आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी शहरातली कुटुंबं गाड्या घेऊन येतात आणि लावणीचा अनुभव विकत घेतात, सोबत चुलीवरचं जेवण. बाबा आता म्हातारे झालेत, खुर्ची टाकून बसतात आणि पाहुण्यांना सांगतात की ही कल्पना मूळची आपलीच. मी अशा वेळी आत निघून जाते.

लावणीनंतर चौथ्या दिवशी रियाला ताप भरला. तिची मम्मी तिला पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पालकांच्या घरचे फोन वाजले. चिखलातून ताप येतो, उंदरांच्या मुतातून येतो, शेतात साप होते, मुलांना मजुरांसारखं राबवलं, मजुरांचंच जेवण घातलं. ताप निघाला टॉन्सिलचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर कमिटीने सभा बोलावली होती. सभेच्या आदल्या दिवशी रियाचे पप्पा स्वतः आमच्या घरी आले. एवढा मोठा माणूस आमच्या ओट्यावर बसलेला मी प्रथमच बघत होते. त्यांनी चहा घेतला, बाबांशी हिंदीत हळू आवाजात अर्धा तास बोलले आणि जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. आईने विचारलं, "काय म्हनाले?" बाबा म्हणाले, "कमिटीत घेनार म्हनतात. गावातला एक मानूस पायजे त्यांना." आणखी काय म्हणाले ते बाबांनी सांगितलं नाही. ते मला पुष्कळ वर्षांनी आईकडून कळलं. परवानगी दिली म्हणालात तर शेताच्या मालकावर पोलीस केस होईल, असंही ते सांगून गेले होते.

सभेच्या दिवशी सकाळी बाबा न्याहारीला बसले होते. मी दप्तर भरत होते. बूट करकरत नव्हते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ते म्हणाले, "वैशे, मला कोनी इचारलं नाय, हे इंग्लिशमधी कसं बोलायचं गं?" मला हसू आलं. वाटलं, आता हे कमिटीत जाणार, आणि इतकी वर्षं मनात साठलेलं ते जुनं गाऱ्हाणं एकदा सगळ्यांसमोर मांडणार. मी म्हटलं, "नोबडी आस्क्ड मी." ते म्हणाले, "नोबडी आस मी." मी म्हटलं, "आस नाही बाबा, आस्क्ड. शेवटी ड." त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि पुन्हा म्हटलं. तीन वेळा मी सुधारलं. चौथ्यांदा त्यांना बरोबर जमलं, आणि मी टाळी वाजवली. मी टाळी वाजवली होती हे लिहायला मला फार वर्षं लागली.

सभा शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होती. एका बाजूला पालक, दुसऱ्या बाजूला शिक्षक, मध्ये प्रिन्सिपल सर. सबनीस मिस पुढे एकट्या खुर्चीवर बसल्या होत्या. बाकीचे शिक्षक, जे एरवी त्यांच्या प्रत्येक विनोदावर हसत, ते चार रांगा मागे सरकून बसले होते. रियाची मम्मी उभी राहिली आणि ज्वालामुखीपासून बोलायला लागली. ही बाई पालकांचा अपमान करते, मुलांना घाणीत उतरवते, मनाला येईल तसं वागते. मुख्य प्रश्न एकच होता. शाळेच्या नियमाप्रमाणे शेतमालकाची परवानगी घेतली होती का? घेतली नसेल तर मिसची नोकरी जाणार, हे सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मिसनी पिशवीतून तो घडी घातलेला छापील कागद काढला. "सही नाहीये," त्या म्हणाल्या. "पण परवानगी आहे. ते इथेच बसलेत, त्यांना विचारा." सरांनी बाबांकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं. मी सवयीने बाबांच्या कानाशी वाकले, पण त्यांनी हाताने मला थांबवलं. ते उभे राहिले. त्या हॉलमध्ये बाबा पहिल्यांदाच बोलत होते.

"नोबडी आस्क्ड मी, सर," बाबा म्हणाले. शेवटचा ड अगदी स्वच्छ होता.

 राग आला म्हणावं तर राग नव्हता. मीच शिकवलेल्या वाक्याने कोणीतरी माझ्या थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी उभी राहिले आणि मराठीतच ओरडले, "खोटं हाय! बाबांनी सांगितलं होतं! माझ्यासमोर सांगितलं, भाकऱ्या करून ठेवतो म्हनाले!"  बाबा खाली बघत होते. सर मिसकडे वळले आणि म्हणाले, "मुलगी काय म्हणतेय? खरं आहे का?" मिसनी आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्याकडे अशी बघत होते, जणू जगात आता खरं बोलणाऱ्या त्या एकट्याच उरल्या आहेत.

"नाही," मिस म्हणाल्या. "दामूशेट बरोबर सांगतायत. मी त्यांना विचारलं नव्हतं. वैशालीला माझी बाजू घ्यायची आहे म्हणून ती बोलतेय. लहान आहे."

 घरी आल्यावर आईने ताट वाढलं, मी लोटलं. ती एवढंच म्हणाली, "बाप हाय तुझा. भ्यालाय तो." मी म्हटलं, "मग मी कोन हाय?" 

आठवड्याने मी कर्जतहून खोपोलीची गाडी पकडली, घरी मैत्रिणीकडे जाते असं सांगून. माझी मैत्रीण कोण, हेही कोणी विचारलं नाही. वीजकेंद्राच्या मोठ्या पाइपांखाली चाळीत मिसचं घर होतं. त्या ओसरीत बसून वाल सोलत होत्या, नोकरी गेलेल्या माणसासारख्या अजिबात दिसत नव्हत्या. मी सरळ विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?" त्यांनी मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं असतं, तरी तुला रोज त्यांच्याच घरी जेवायचं होतं. माझं काय, मला दुसरी शाळा मिळेल." मी म्हटलं, "पण मी खरं बोलले होते." त्या म्हणाल्या, "हो गं, माहितेय मला." मी म्हटलं, "मग हे सगळ्यांना सांगा. एकदा येऊन वर्गात सांगा." त्या वाल सोलत राहिल्या. "आता कसं सांगू, वैशाली?" त्यांनी ते प्रेमाने म्हटलं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा बाबांपेक्षा जास्त राग आला. बाबा मला न विचारता खोटं बोलले. मिसनी मला खोटं ठरवलं, आणि वर ते माझ्या भल्यासाठी. आजही एखादी शहाणी व्यक्ती म्हणते की तुझ्यासाठीच केलं गं, तेव्हा माझी कानशिलं तापतात. मी चहा न घेता उठले. त्यांना मी पुन्हा भेटले नाही.

सोमवारी शाळेत गेले तेव्हा बाबा कमिटीत आले होते. नोटीस बोर्डावर त्यांचं नाव छापून लागलं होतं, सबनीस मिसच्या तासाला नवे सर आले होते, आणि रिया टॉन्सिल बरे होऊन परत आली होती. दुपारच्या जेवणाला मी नेहमीसारखी दाराजवळ ताट घेऊन बसणार, तेवढ्यात रिया माझ्याकडे आली. माझ्या नावाने तिने मला प्रथमच हाक मारली. म्हणाली, "वैशाली, मम्मीने सांगितलं मला. तू मिसना वाचवायला सगळ्यांसमोर खोटं बोललीस, तेही तुझ्या स्वतःच्या डॅडींविरुद्ध. किती डेअरिंग आहे तुझ्यात! मला मिस खूप आवडायच्या. मी तर तुझ्यासारखं कधीच करू शकले नसते." तिच्या मागे तीन मुली उभ्या होत्या आणि चौघीही माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. माझ्याकडे असं त्या शाळेत कोणी कधीच बघितलं नव्हतं. रियाने माझ्या हातातलं ताट घेतलं आणि आपल्या टेबलाकडे चालायला लागली. मग थांबून, हळूच, जणू आमच्या दोघींचं गुपित असल्यासारखं तिने विचारलं, "खोटंच बोललीस ना?"

खरं काय ते सांगायला एवढी चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी दोन वर्षं एकटी जेवले होते.

"हो," मी म्हणाले.